जावा बेटावरच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या शेतकरी गावात आयुष्य कसं असतं? तिथल्या तरुणांना गावात काही भवितव्य आहे का?

जावा म्हटलं की पाण्याने डबडबलेली भातखाचरं डोळ्यांसमोर येतात. तो जावा खराच आहे, पण मला माहीत असलेला वेगळा. योग्याकार्ता शहराच्या आग्नेयेला गुनुंगकिदुल जिल्हा लागतो. त्याच्या दक्षिणेला चुनखडीच्या हजारो घुमटाकार टेकड्या आहेत आणि त्यांच्या बेचक्यांत वाड्या वसल्या आहेत. योग्याकार्तात शिकत असताना मी रोंगकोप तालुक्यातल्या अशाच एका वाडीत एका शेतकरी कुटुंबाकडे जाऊन राहायचो, आणि नंतरही जाणं-येणं सुटलं नाही. वाडी इतकी लहान आहे की नाव लिहिलं तर माणसं ओळखू येतील, म्हणून लिहीत नाही. मी आटपाडीकडचा, त्यामुळे तिथलं पाण्याचं दुखणं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

फरक इतकाच की तिथे पाऊस कमी नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तो चांगला पडतो, पण चुनखडी त्याला वर टिकू देत नाही. भेगांतून आणि विवरांतून पाणी खाली उतरतं आणि भुयारी नद्यांमधून हिंदी महासागराला जाऊन मिळतं. पायाखाली नदी आणि ऑगस्टमध्ये दारात टँकर, अशी तिथली तऱ्हा. ब्रिबिन इथे जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठाच्या मदतीने सुमारे 100 मीटर खोल विहिरीसारखा बोगदा खणून भुयारातली नदी अडवली आणि तिच्याच जोरावर पाणी वर उचललं. त्यातून बऱ्याच गावांना नळ मिळाले. टोकाच्या वाड्यांना मात्र अजून घराशेजारच्या सिमेंटच्या टाकीत साठवलेलं पावसाचं पाणीच पुरवून पुरवून वापरावं लागतं.

शेती पूर्ण पावसावर. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत भात पेरतात, आपल्याकडची धूळवाफ पेरणीच. त्याच वावरात मका, भुईमूग, आणि मधल्या ओळींत नाहीतर बांधाकडेने कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. भात फेब्रुवारीच्या आसपास निघतो, कसावा जुलै-ऑगस्टपर्यंत जमिनीत राहतो. मग तो सोलून छपरावर, रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. त्याला गापलेक म्हणतात. त्याचं पीठ वाफवलं की तिवुल होतो. तिवुलबरोबर हिरव्या मिरचीची टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) घातलेली भाजी हे माझ्या मते त्या भागातलं सगळ्यात चांगलं जेवण. आज वोनोसारी या जिल्ह्याच्या गावी तिवुल गूळ घालून खाऊ म्हणून विकतात. पण 1960 च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा लोक कसाव्याचं सत्त्व काढून उरलेला चोथा खाऊन जगले, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते दिवस अजून येतात.

जमीन किती? बहुतेकांची अर्ध्या हेक्टरच्या आत, म्हणजे 50 गुंठ्यांपेक्षा कमी, आणि तीही चार ठिकाणी विखुरलेली. इंडोनेशियाच्या 2023 च्या कृषी गणनेत अशी अल्पभूधारक कुटुंबं दीड कोटींहून जास्त निघाली. एवढ्या जमिनीतून निघतं ते घरच्या पोटालाच जातं. विकायला भुईमूग आणि थोडा गापलेक, बाकी काही नाही.

मग घर चालतं कशावर? इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण उत्पन्नाच्या आकड्यांत हे दिसत नाही. पहिला आधार गोठा. तिथल्या पांढऱ्या, वशिंडाच्या गाई-बैलांना पेरानाकान ओंगोल म्हणतात. डच काळात आंध्रातल्या ओंगोल जातीची जनावरं सुंबा बेटावर आणि तिथून जावात गेली, त्यांचा हा संकरित वंश. बकरी ईदच्या आधी चांगला बैल दोन कोटी रुपियांच्या घरात जातो, म्हणजे आपले लाखभर रुपये. मुलीची फी, दवाखाना, घराचं छप्पर, सगळं तिथून. पण कोरड्या महिन्यांत गवत संपतं. गिरिपुष्पाचा पालाही पुरत नाही आणि बाहेरून ट्रकने आलेला भाताचा पेंढा विकत घ्यावा लागतो. एक गाय विकून दुसरीचा चारा आणायची पाळी येते. "गाय गाईला खाते", असं तिथे म्हणतात.

कुणाचं जनावर मेलं तर शेजारी पैसे काढून त्याचं मांस विकत घ्यायचे, म्हणजे मालक अगदीच बुडू नये. 2023 मध्ये शेजारच्या सेमानु तालुक्यात फाशी रोगाने (अँथ्रॅक्सने) मेलेल्या जनावरांचं मांस असंच वाटून खाल्लं गेलं आणि त्यात माणसाचाही जीव गेला. ती चाल अडाणीपणाची, असं तेव्हा शहरातले लोक म्हणाले. मला ते पटत नाही. जनावराचा विमा वेळेवर मिळाला असता आणि मेलेलं जनावर पुरायला भरपाई मिळाली असती, तर कुणी ते मांस शिजवलं नसतं.

दुसरा आधार झाडं. साग, महोगनी, ऑस्ट्रेलियन बाभूळ बांधावर आणि टेकडीवर लावतात आणि गरज पडेल तेव्हाच एक-दोन तोडतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हाच भाग उजाड खडक होता. आजची हिरवळ वनखात्याने आणि गाजा मादा विद्यापीठाने सुरुवात करून दिली म्हणून आली, पण ती टिकवली लोकांनी.

तिसरा आधार बाहेर गेलेली मुलं, आणि त्याच्याच जोडीला सगळ्यात मोठा खर्च: आहेर. लग्न, बारसं, सुंता, प्रत्येक ठिकाणी पाकीट द्यावं लागतं आणि कुणी किती दिलं त्याची वही घरोघर असते. लग्नसराईत एका आठवड्यात पाच-सहा पाकिटं. आम्ही ज्यांना एम्बाह, म्हणजे आजी म्हणायचो, त्या एकदा कोंबड्या विकून आहेराचे पैसे उभे करत होत्या. पण त्यांच्याच घराची भिंत पडली तेव्हा अख्खी वाडी सकाळी हजर झाली आणि मजुरी कुणी घेतली नाही.

आता तरुणांचं. 2024 मध्ये जिल्ह्याचं किमान वेतन महिन्याला सुमारे 22 लाख रुपिया होतं, आपले अकरा-साडेअकरा हजार, योग्याकार्ता प्रांतात सगळ्यात कमी. त्यामुळे बारावीनंतर पोरं जकार्ताला, त्याच्या शेजारच्या बेकासीच्या कारखान्यांत, नाहीतर नूडल्सच्या गाड्यांवर. ईदला गाव भरतं आणि आठवड्यात पुन्हा म्हाताऱ्यांचं होतं. जिल्ह्याच्या उत्तरेला न्गलांगेरान गावात तरुण मंडळाने जुन्या ज्वालामुखीच्या डोंगरावर पर्यटन उभं केलं आणि 2021 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा उत्तम गावाचा मान मिळाला. अधिकारी प्रत्येक गावाला तेच उदाहरण देतात. पण प्रत्येक वाडीला डोंगर आणि धबधबा नसतो. दक्षिण किनाऱ्याच्या नव्या महामार्गाने कामं आणली तशी जमिनीची दलालीही आणली, आणि अर्धा हेक्टरवाला एकदा विकून बसला की परत घेऊ शकत नाही.

म्हणून मला विचाराल तर नुसत्या शेतीवर तिथे तरुणाचं भागणार नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगायला हवं. पण पाण्याची मोठी टाकी, चार जनावरांचा चारा वर्षभर पुरेल अशी सायलेजची, म्हणजे मुरघासाची सोय आणि तास-दीड तासावर पगाराचं काम, एवढं जमलं तर माणूस गावात राहून संसार करू शकतो. 2014 च्या ग्रामकायद्यानंतर केंद्राचा पैसा थेट गावाच्या खात्यात येतो. आमच्या वाडीत त्यातून आधी रस्ता झाला. मी असतो तर आधी टाक्या बांधल्या असत्या, आणि हे मी तिथल्या लोकांना तोंडावर सांगितलंही आहे. एम्बाहंचा नातू बेकासीहून परतून वोनोसारीत दुचाकी दुरुस्ती करतो, संध्याकाळी घरी येऊन गोठा बघतो. त्याच्या वर्गातले बाकीचे बहुतेक अजून बाहेरच आहेत.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर कापणीनंतरच्या रसुलान उत्सवात जरूर जा, रात्रभर छायाबाहुल्यांचा खेळ चालतो. पण गाव समजून घ्यायचं असेल तर सप्टेंबरमध्ये जा, आणि जिथे राहाल तिथे पाण्याचे पैसे वेगळे द्या. ते मागणार नाहीत.