१४० एलसीए आणि वडिलांचा कोरा चेक

प्रश्न: मुलगी टेक्सासमध्ये एमएस झाली, सध्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या काम-परवान्यावर आहे. न्यू जर्सीतली एक कन्सल्टन्सी तिला एच-वन-बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा, करून देतो म्हणते. ‘गेल्या वर्षी आमच्या १४० एलसीए मंजूर झाल्या’ असं त्यांचा माणूस सांगतो. खर्चापोटी चार हजार डॉलर हवेत. मुलीने दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर म्हणून माझा सही केलेला कोरा चेकही मागितलाय. व्हिसाच्या सोडतीत तीन भगिनी कंपन्यांतून नाव टाकू, म्हणजे नंबर लागायची शक्यता तिप्पट होईल, असंही म्हणतात. सांगलीत बसून या कंपनीची खातरजमा कशी करू?

उत्तर: नमस्कार. आधी चेकचं. दिला नसेल तर देऊ नका. कोऱ्या चेकवर ते हवा तो आकडा घालतील. तो वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक वगैरेंच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली खटला इथे भारतात, तुमच्यावर चालेल. चेक देणं लागत होता म्हणूनच दिला, असं न्यायालय कलम १३९ नुसार गृहीत धरून चालतं. ते खोडून काढायची जबाबदारी तुमची. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ म्हणून कळवलंत तरी खटला टळेलच असं नाही.

आता त्या १४० एलसीए. एलसीए म्हणजे या पदाला, या शहरात, इतका पगार देऊ असं कंपनीने अमेरिकेच्या श्रम खात्याला दिलेलं लेखी वचन. खातं फॉर्म पुरा आहे का, उघड चूक आहे का, एवढंच बघतं आणि सात कामकाजाच्या दिवसांत शिक्का मारतं. व्हिसाच्या अर्जाचा निर्णय यूएससीआयएस घेते, ते वेगळं, इमिग्रेशनचं खातं. शिवाय जुन्याच माणसाला दुसऱ्या शहरातल्या क्लायंटकडे हलवलं, त्याची मुदत वाढवली, तरी नवी एलसीए लागते. त्यामुळे १४० या आकड्यावरून नव्या माणसांचे किती व्हिसा झाले ते कळतच नाही.

ते कळतं यूएससीआयएसच्या ‘एच-वन-बी एम्प्लॉयर डेटा हब’वर. फुकट आहे, २००९ पासूनची आकडेवारी आहे, सांगलीतूनही उघडतं. फक्त शोधताना पाटीवरचं नाव घालू नका. कंपनीकडून नोंदणीकृत नाव आणि करदाता क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागून घ्या. सारख्या नावाच्या कंपन्या खूप असतात. त्यांचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, हेही ध्यानात ठेवा. मग नव्या मंजुऱ्या आणि नवे नकार यांचेच रकाने वाचा. मुदतवाढीचे आकडे कितीही मोठे असोत, तुमच्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. निदान चार-पाच वर्षं ओळीने बघा.

श्रम खातं एलसीएंची एक्सेल फाइल दर तिमाहीला प्रसिद्ध करतं. तीत पद, कामाचं शहर, पगार आणि एक ते चार अशी पगाराची पातळी असते. मुलीला सांगितलेला पगार त्याच पदाच्या ओळींशी ताडून बघा. तिथेच ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे पर्मची, वेगळी फाइल मिळते. मी स्वतः ही आधी उघडतो. वर्षानुवर्षं माणसं आणायची आणि पर्म मात्र एकही नाही, अशा कंपनीत मुलीने पुढची सहा वर्षं घालवावीत असं मला वाटत नाही.

आणखी एक हक्क फारसा कुणाला ठाऊक नसतो. एलसीए दाखल केल्यावर एका कामकाजाच्या दिवसाच्या आत कंपनीला ‘पब्लिक ॲक्सेस फाइल’ तयार ठेवावी लागते आणि मागेल त्याला दाखवावी लागते. न्यू जर्सीत ओळखीचं कुणी असेल तर त्यांना कचेरीत पाठवा. फाइल मागितल्यावर तिथे काय उत्तर मिळतं ते लिहून ठेवायला सांगा.

चार हजार डॉलरचं म्हणाल, तर एच-वन-बीच्या अर्जाचा आणि त्याच्या वकिलाचा खर्च कंपनीचा असतो; तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायला नियमाने मनाई आहे. अर्जासोबत कंपनीने भरायची प्रशिक्षण निधीची फी तर कुठल्याच वाटेने तिच्यावर टाकता येत नाही. त्यामुळे आकडेवारी कितीही चांगली निघाली तरी पैसे मागणाऱ्या या कंपनीला मी नाहीच म्हणेन.

भगिनी कंपन्यांचं तर मुळातच चुकीचं आहे. २०२४ पासून सोडत माणसागणिक निघते. तीन ठिकाणी नाव टाकलं म्हणून संधी तिप्पट होत नाही. उलट खरी नोकरी नसताना नोंदणी केल्याचं उघड झालं तर मंजूर अर्जही रद्द होऊ शकतो, आणि त्याचा फटका मुलीला बसतो.

तिला आजच सांगा, पैसे आणि चेक मागणारे सगळे ईमेल, मेसेज जपून ठेव. पैसे आधीच दिले असतील आणि पुढे त्यांनी एच-वन-बी केलाच, तर श्रम खात्याकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर तक्रार करता येते. त्याला बारा महिन्यांची मुदत आहे. कंपनी नोंदणीकृत नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर ऑफर लेटरची प्रत मला पाठवा.