केबल टीव्हीच्या जुन्या वायरीवरून घरात इंटरनेट नेता येते का?

कोथरूडमधील आपल्या फ्लॅटमध्ये फायबरचा राउटर हॉलमध्ये आहे, मागच्या खोलीत वाय-फाय नीट पोहोचत नाही आणि भिंतीतून गेलेली केबल टीव्हीची वायर तशीच पडून आहे. तर भिंत न फोडता तिच्यावरून इंटरनेट नेता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल. सिंहगड रस्त्यावरील माझ्या घरी मी हेच काम केले आहे. मात्र उपकरणे मागवण्याआधी ती वायर पाइपमध्ये सैल आहे का, हे अवश्य पाहा.

दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करून वायर हलकेच ओढून पाहा. ती सरकली, तर तिच्याच टोकाला कॅट ६ वायर (नेटवर्कसाठीची लॅन केबल) बांधून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळून, पाइपमधून ओढून घेता येते. कॅट ६ वरून १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो, खर्च कमी येतो आणि वेगळी उपकरणे लागत नाहीत. माझ्या अभ्यासाच्या खोलीची वायर अशीच बदलली गेली. बेडरूमकडची मात्र कोपऱ्यातल्या बेंडमध्ये इतकी घट्ट अडकली होती की, जोर लावला असता तर तीही हातची गेली असती.

तिथे मी मोका ॲडाप्टर बसवले, म्हणजे नेटवर्कचा सिग्नल केबल टीव्हीच्या वायरीवरून जाईल असा बदलून देणारी छोटी उपकरणे. ते जोडीने लागतात: एक राउटरच्या लॅन पोर्टला, दुसरा लांबच्या खोलीत, आणि दोघांमध्ये केबल टीव्हीची जुनी (कोॲक्सियल) वायर. मोका २.५ प्रकारात कमाल वेग २.५ गिगाबिट आहे आणि विलंब अवघ्या काही मिलिसेकंदांचा, त्यामुळे व्हिडिओ कॉलसाठीही ही जोडणी भरवशाची ठरते.

हे ॲडाप्टर साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. केबल टीव्हीचे चॅनेल त्याच्या खाली असल्याने दोन्ही एकाच वायरीवर नांदू शकतात. फक्त बाहेरून येणाऱ्या वायरीवर मोकाचा फिल्टर बसवावा, म्हणजे आपला सिग्नल शेजाऱ्यांकडे जात नाही. डीटीएचचे तसे नाही. डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि सेटटॉप बॉक्स त्याच वायरीतून डिशला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो, म्हणून ती वायर या कामासाठी मुळीच वापरू नये.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो जोडांवर. डक्टमधल्या डब्यात पूर्वी कोणीतरी दोन वायरी नुसत्या पिळून टेप लावली होती. ती सोडवली, तेव्हा आतली जाळी हिरवी पडलेली दिसली. शेजारच्या स्प्लिटरवर (एका वायरीचे फाटे करणाऱ्या जोडावर) ‘५–१०००’ असे, म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये, छापलेले होते, म्हणजे मोकाच्या पट्ट्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. मी स्प्लिटर काढला, दोन्ही वायरी दोन इंच मागे कापून नवे एफ कनेक्टर (टीव्हीच्या वायरीच्या टोकाला लागणारे) क्रिंप केले आणि सरळ जोड दिला, तेव्हा सारखी तुटणारी लिंक स्थिर झाली.

ऑनलाइन मिळणारे, एका बाजूला एफ आणि दुसऱ्या बाजूला लॅनचा सॉकेट असलेले स्वस्त कनेक्टर कृपया घेऊ नका. त्यांत सिग्नल बदलणारे कोणतेही सर्किट नसते आणि त्यांवरून नेटवर्क चालत नाही.