डेटा सायन्स येते, गाईगुरांचे ज्ञान नाही. दुभत्या गाईंच्या कल्याणावरील संशोधन पदासाठी अर्ज करावा का?

आपण विचारले आहे की सांख्यिकीतील एम.एस्सी. आणि पुण्यातील एका कंपनीतला चार वर्षांचा डेटा सायन्सचा अनुभव एवढ्या शिदोरीवर ब्रिटनमधील विद्यापीठात दुभत्या गाईंच्या कल्याणासंबंधीच्या संशोधन पदासाठी अर्ज करावा का, आणि गोठ्यात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाला तेथे कोणी उभे तरी करील का. अशाच एका पदावर मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात तीन वर्षे काम केले आणि मीही पशुवैद्यक नाही. अर्ज अवश्य करावा. मात्र आपण ज्या कामाची तयारी केली आहे, म्हणजे मॉडेल बांधण्याची, तो या पदाचा सर्वांत सोपा भाग आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गाईच्या गळ्यातील पट्ट्यात किंवा पायाला बांधलेल्या पेटीत एक प्रवेगमापक असतो, तो सेकंदाला अनेक वेळा तीन दिशांमधील हालचाल नोंदवतो, आणि त्यावरून गाय बसली आहे, उभी आहे, चारा खाते आहे की रवंथ करते आहे, हे ओळखायचे असते. निरोगी दुभती गाय दिवसातले साधारण १० ते १२ तास बसून काढते आणि ७ ते ८ तास रवंथ करते. बसण्याची जागा टणक असली, गोठ्यात गाईंच्या मानाने कप्पे कमी असले किंवा खूर दुखत असला, की हे गणित बिघडते, आणि म्हणूनच बसण्याच्या वेळेला कल्याणाच्या अभ्यासात इतके महत्त्व आहे. ही उपकरणे मात्र कल्याणासाठी जन्माला आलेली नाहीत. माजावर आलेली, म्हणजे फळण्यास तयार असलेली, गाय नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त चालते हे पेडोमीटर (पावले मोजणारे यंत्र) बांधून दाखवणारा अभ्यास १९७७ मधला आहे, आणि शेतकरी आजही पट्टा विकत घेतो तो मुख्यतः माज चुकू नये म्हणून. त्याचा परिणाम आपल्या कामावर होतो. कंपन्या बहुधा मूळ आकडे देत नाहीत, ‘आज रवंथ इतकी मिनिटे’ असा शिजवलेला आकडा देतात, आणि तो कसा शिजवला हे सांगत नाहीत.

खरी अडचण पुढे येते. मॉडेलला शिकवण्यासाठी ‘ही गाय लंगडते’ असे कोणीतरी आधी म्हणावे लागते. ब्रिटनमध्ये त्यासाठी ० ते ३ अशी चालीची गुणपट्टी वापरतात: सरळ पाठीने, चारही पायांवर सारखा भार देत चालणारी गाय ०, पावले किंचित आखूड पडतात पण दुखरा पाय कोणता ते चटकन कळत नाही ती १, दुखरा पाय दिसतो आणि बहुधा पाठीला कमान येते ती २, आणि माणसाच्या झपझप चालीबरोबर जिला चालताच येत नाही ती ३. वाचायला हे सोपे वाटते. सकाळच्या धारेनंतर गाई पार्लरमधून, म्हणजे धार काढण्याच्या शेडमधून, बाहेर पडताना मी आणि एक अनुभवी पशुवैद्य शेजारी शेजारी उभे राहून गुण लिहीत असू. पहिल्या आठवड्यात ० आणि ३ यांवर आमचे जवळपास एकमत होते, १ आणि २ यांवर मात्र वारंवार मतभेद होत. तिसऱ्या आठवड्यात मला कळले की मी पायाकडे पाहत होते आणि ते मानेकडे: दुखरा पाय टेकताना डोके ज्या लयीत वरखाली होते, ती लय ते पाहत. तोपर्यंतच्या माझ्या नोंदी आम्ही टाकून दिल्या. निरीक्षकांमधील एकमत मोजल्याशिवाय मॉडेलच्या अचूकतेविषयी बोलण्यात अर्थ नाही, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. मला ते ओल्या काँक्रीटवर उभे राहून पटले.

एक फजितीही सांगते. एका गाईच्या नोंदींत अकरा दिवस अखंड विश्रांती दिसत होती, आणि आजारी गाईचे दुर्मीळ उदाहरण सापडले म्हणून मी त्याचे आलेखही काढले. प्रत्यक्षात ती गाय भाकड म्हणून दुसऱ्या शेडमध्ये गेली होती आणि तिचा पट्टा खोलीतल्या खिळ्याला लटकत होता. पुढे तोच पट्टा एका कालवडीच्या गळ्यात गेला, आणि आमच्या तक्त्यात मात्र जुनाच क्रमांक राहिला. त्यानंतर कोणता पट्टा कोणत्या तारखेला कोणाच्या गळ्यात होता याची वही मी स्वतः ठेवू लागले. माझ्या तीन वर्षांतील सर्वांत उपयुक्त डेटा त्या वहीत आहे, असे मी आजही मानते.

सांख्यिकीच्या बाजूने दोन गोष्टी मुलाखतीत हमखास निघतात. पहिली म्हणजे मॉडेल तपासण्यासाठी काही नोंदी, म्हणजे चाचणीचा संच, वेगळ्या काढताना तक्त्यातल्या ओळी वाटायच्या नसतात, गाई वाटायच्या असतात, आणि जमल्यास पूर्ण गोठेच्या गोठे; एकाच गाईच्या काही ओळी शिकवणीत आणि काही चाचणीत गेल्या, तर मॉडेल आजार ओळखत नाही, ती गाय ओळखते. दुसरी गोष्ट दुर्मीळतेची. समजा १००० गाई आहेत आणि त्यांतील २० जणींना दगडी, म्हणजे कासदाह, झालेला आहे. आजारी गाईंपैकी ९० टक्के पकडणारे आणि निरोगी गाईंपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडणारे मॉडेल १८ आजारी गाई पकडील, पण ९८० निरोगी गाईंपैकी ९८ जणींवरही बोट ठेवील. म्हणजे ११६ इशाऱ्यांतले खरे १८. शेतकरी दोन आठवड्यांत ते इशारे पाहणे बंद करतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

कल्याण म्हणजे काय, हा प्रश्न मी अर्ज करताना फारसा मनावर घेतला नव्हता. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, या ‘पाच मुक्ती’ ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये मांडल्या गेल्या. युरोपातील ‘वेल्फेअर क्वालिटी’ प्रकल्पाने गाईंसाठी प्रत्यक्ष मोजमापाची पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत गुडघ्यावरची जखम, अंगावरची घाण, माणूस जवळ गेल्यावर गाय किती अंतरावरून मागे सरते, असे पुष्कळ काही तपासतात, आणि यांतले बहुतेक काही गळ्यातल्या पट्ट्याला दिसत नाही. भरपूर दूध देणारी गाय सुखीच असली पाहिजे, हे गृहीतक तर आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांतही घट्ट रुतलेले आहे. मुलाखतीत ते तोंडून निघू देऊ नका.

सरावासाठी ब्रिस्टल विद्यापीठाने खुला केलेला ‘ओपनकाऊज २०२०’ हा संच घ्या. त्यात वरून टिपलेल्या चित्रांतून होल्स्टीन-फ्रिजियन गाई त्यांच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखायच्या असतात. (आमच्या सांगोल्याकडच्या पांढऱ्या खिलारांच्या कळपापुढे ही युक्ती हात टेकील, हे पहिल्याच दिवशी माझ्या मनात आले.) परत येऊन येथे काम करायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिकडची मॉडेले मोकळ्या फिरणाऱ्या गाईंवर शिकलेली असतात. दावणीला बांधलेल्या, घरटी दोन-चार असलेल्या आपल्या संकरित गाईंच्या चालण्याला तोच अर्थ लावता येत नाही.

आता अर्जाविषयी. पद ‘रिसर्च असिस्टंट’चे असेल तर बहुधा पीएच.डी. लागत नाही, ‘रिसर्च असोसिएट’चे असेल तर ती झालेली किंवा पूर्ण होत आलेली लागते, तेव्हा जाहिरात नीट वाचा. आवश्यक आणि इष्ट अशा अटींच्या दोन याद्या त्यात असतात, आणि निवड समिती त्या यादीवर खुणा करत अर्ज वाचते. म्हणून प्रत्येक अटीला स्वतंत्र, उदाहरणासह उत्तर लिहा. पशुवैद्यकाची पदवी इष्ट यादीत असेल तर बिचकू नका, आवश्यक यादीत असेल तर वेळ घालवू नका. पद ठरावीक मुदतीचे आणि अनुदानावर चालणारे असते, तेव्हा अनुदानाची किती वर्षे उरली आहेत हे विचारण्यात संकोच नसावा.

अनौपचारिक चौकशीसाठी जाहिरातीत ज्यांचे नाव दिलेले असते त्यांना अर्जापूर्वी एक छोटे पत्र जरूर पाठवा. मूळ आकडे मिळतात की कंपनीचे तयार आकडे, गुण कोण देणार, आणि आठवड्यातले किती दिवस शेतावर जावे लागेल, हे तीन प्रश्न पुरेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन किंवा अधिक’ असे आले तर घर शेताच्या बाजूला शोधा. सकाळची धार पाचच्या सुमारास सुरू होते आणि त्या वेळी शहरातून तिकडे जाणारी बस मला तरी कधी मिळाली नाही.