खाजगी शाळेला आगीचे नियम लागू असतात का? मागचा जिना कायम कुलूपबंद ठेवत असतील तर पालकांनी तक्रार कुठं करायची?

लागू असतात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमच्या बाबतीत संस्थेची. अनुदान आहे की नाही याच्याशी त्या कायद्याला देणंघेणं नाही. तक्रारीचं खाली सांगतो. पण तुम्ही 'मागचा जिना कुलूपबंद' असं लिहिलंत म्हणून मी लिहायला बसलोय, नाहीतर अशा प्रश्नांच्या नादी लागत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत अकरा वर्षं लिपिक होतो. मान्यतेची फाइल, यू-डायस म्हणजे सरकारला दरवर्षी द्यायची शाळेची माहिती, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे प्रस्ताव, सगळं माझ्या हाताखालून जायचं. इमारत शाळेसाठी बांधलेलीच नव्हती. खाली हार्डवेअरचं दुकान आणि खताचं गोदाम, वर दोन मजले वर्ग, गच्चीवर पत्र्याचं शेड. मार्चपासून पत्रा असा तापायचा की लेकरं घामाघूम, म्हणून आतून थर्माकोल ठोकला होता. थर्माकोल पेटला तर काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मान्यतेला दुसरा जिना लागतो म्हटल्यावर वेल्डिंगवाल्याकडून आठ दिवसांत मागं लोखंडी जिना उभा केला. खाली चॅनल गेट, त्याला कुलूप. का, तर नववी-दहावीची पोरं मधल्या सुट्टीत तिकडून पसार व्हायची. हे कारण खरं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तपासणीच्या तक्त्यात 'पर्यायी जिना' या रकान्यात मी 'आहे' लिहिलं. तेही खरंच होतं.

2015 च्या जुलैमधला शनिवार, सकाळची शाळा. पुढच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवलेल्या. भारनियमनापायी एकाला दोन करत नेलेल्या, वायरीला चार ठिकाणी टेप. साडेनऊला तिथून धूर निघाला. जिना म्हणजे धुराडंच, पाच मिनिटांत वरचा मजला काळा. आग विझवायचे सिलिंडर चार होते. दोन मुख्याध्यापकांच्या खोलीत, कारण बाहेर ठेवले की चोरीला जातात. एक कॉम्प्युटर रूममध्ये, तिलाही कुलूप. चौथा सापडला, सहा किलोचा एबीसी पावडरचा, काटा हिरव्यात, म्हणजे भरलेला. पण लेकरं पिन ओढतात म्हणून कुणीतरी पिनेला तार गुंडाळून ठेवली होती. खेळाचे सर पक्कड शोधत फिरत होते. हे दृश्य मला अजून दिसतं.

तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोकं शांत ठेवून दुसरी-तिसरीची लेकरं मागच्या जिन्यानं उतरवली. गेटपाशी येऊन सगळी अडकली. पुढची गजांना चिकटलेली, मागची रेटतायत, आणि तो जिना इतका अरुंद की दोन दप्तरं शेजारी मावत नव्हती. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर सांगितलीय. आमचा त्याच्या निम्मासुद्धा नसेल. मी ऑफिसात चावीच्या बोर्डासमोर. मग ड्रॉवर, मग कपाट. संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, "चावी माझ्या गाडीत आहे, मी नांदेडला आलोय."

कुलूप तोडलं ते शिपाई मामांनी. खालच्या हार्डवेअरवाल्याकडून घण आणला, सात-आठ घाव घातले, प्रत्येक घावाला आतली लेकरं किंचाळत होती. तिसरीतल्या एका मुलीचा हात रेटारेटीत मोडला. आग म्हणाल तर किरकोळ. पावडर मारल्यावर विझली, पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत.

सोमवारी मामांना कारणे दाखवा नोटीस. 'मागील प्रवेशद्वाराची चावी नेमून दिलेल्या जागी न ठेवल्यामुळे...' टाइप मीच केली. मामांनी वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. अर्धा पगार कापला. माझीही नोकरी कायम नव्हती, पण ते आता सांगून काय उपयोग.

तेव्हाचे मुख्याध्यापक आता निवृत्त आहेत. लग्नाकार्यात भेटले की अजून म्हणतात, "मामांनी चावी जागेवर ठेवली असती तर एवढं झालंच नसतं." दरवेळी आमची जुंपते. मी म्हणतो, सर, शाळा भरलेली असताना बाहेर पडायच्या दाराला कुलूप असतंच कसं? तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 ला 94 लेकरं जळाली. स्वयंपाकाची आग गवती छपराला लागली आणि उतरायला अरुंद जिना एकच. ते म्हणतात, ते गवत होतं. सुरतेत 24 मे 2019 ला कोचिंग क्लासची 22 पोरं गेली, जिन्यात आग न् धूर म्हणून वरून उड्या मारत होती. त्या रात्री मी सरांना फोन केला. म्हणाले, ते क्लासेस होते, शाळा वेगळी.

आता तुमचं. कुंभकोणमनंतर झालेल्या जनहित याचिकेवर सुप्रीम कोर्टानं 2009 ला निकाल दिलाय, अविनाश मेहरोत्रा प्रकरण. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग, आणि तो खाजगी शाळांनाही लागू. तक्रारीत याचा उल्लेख करा, साहेब लोक जरा सावरून बसतात. शिवाय परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे माहिती अधिकारात त्याची प्रत मागा, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळेकडे मागू नका, लेकराच्या नावानिशी लक्षात ठेवतात. तक्रारही त्याच अग्निशमन विभागाकडे करा, शक्यतो चार-पाच पालकांनी मिळून सह्या करा. तक्रारीची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.

पण खरं सांगू? फॉर्म बी आमच्याकडंही होता. तपासणीला आलेले साहेब चहा प्यायचे, लाल बादल्यांतली वाळू बघायचे (तिच्यात गुटख्याच्या पुड्या), सिलिंडर मोजायचे आणि जायचे. मागचं गेट ढकलून बघितलेला एकही माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नाही. म्हणून तुम्ही अर्ज टाकायच्या आधी एखाद्या दिवशी शाळा भरल्यावर जा आणि ते गेट ढकलून बघा. कुलूप असेल तर तारीख-वेळेसह फोटो काढा. अर्जासोबत तो फोटो लावा. पोरं पळतात असं म्हणतील. मग तिथं माणूस बसवा म्हणावं, नाहीतर आतून नुसती कडी ठेवा, कुलूप नको.

सगळ्याच संस्था तसल्या नसतात, हेही लिहितो. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांचे पैसे शासनाकडून वेळेवर येत नाहीत, दुष्काळी साली निम्मी फी थकते, यंत्रणेला पैसा लागतो. कुलूप काढायला मात्र एक रुपया लागत नाही. आणि सरकारी शाळा सुरक्षित असं समजून लेकरू तिकडं हलवू नका. 2025 च्या जुलैत राजस्थानात झालावाड जिल्ह्यात छत पडून सात लेकरं गेली, ती सरकारी शाळाच होती. तुमची शाळा ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नगरपालिकेचा अग्निशमन विभाग हात वर करेल, तेव्हा आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडूनच सुरुवात करा.

सर हे वाचतील की नाही ठाऊक नाही, पण लिहूनच ठेवतो. ऑफिसातला चावीचा बोर्ड मी स्वतः रंगवला होता. बावीस खिळे, प्रत्येकाखाली पांढऱ्या पेंटनं खोलीचं नाव, अगदी मुतारीचंसुद्धा. मागच्या गेटचा खिळा त्यावर नव्हताच. ती चावी पहिल्या दिवसापासून सचिवांच्या गाडीत होती. सरांना ते माहीत होतं, आणि नोटीस टाइप करताना मलाही.