शाळेत विद्यार्थ्यांना टॅटू आणि पिअर्सिंगची परवानगी असावी का?

आधी तातडीचं सांगतो. तुम्ही लिहिलंय की दहावीतली मुलगी सुट्टीत कानाच्या वरच्या कडेला टोचून आली, आता शाळा म्हणते 'रोज काढून या', आणि त्यात तिला मनगटावर टॅटूही हवाय. तो खडा रोज सकाळी काढायला आणि संध्याकाळी घालायला लावू नका. एक तर राहू द्या, नाहीतर कायमचा काढा. कारण सांगतो.

मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतोय. त्यातली सहा वर्षं शिस्त समितीवर होतो. दारात उभं राहून नखं, केस, बूट आणि कान बघायचं काम माझ्याकडे. नववीतल्या एका मुलीच्या कानाच्या वरच्या कडेला बारीकसा खडा दिसला. आमचा नियम होता: कानाच्या पाळीत एक जोडी, बाकी काही नाही. मी म्हटलं, काढ. तिनं निमूट काढून कंपासपेटीत टाकला. पुढचे पंधरा दिवस हेच. आत शिरल्यावर बाथरूममध्ये जाऊन काढायचा, शाळा सुटली की तिथंच परत घालायचा, हात धुतले तर धुतले. मी खूश, नियम पाळला जातोय.

मग एक दिवस प्रयोगशाळेत ती केस बाजूला घेऊन वाकली आणि कान दिसला. जांभळट झालेला, आणि वरचा भाग इतका सुजलेला की कानाच्या वळ्याच नाहीशा झाल्या होत्या. चार दिवस ठणकत होता म्हणे. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला असतात, टोचलाच कशाला." खरंय. म्हणालोच असतो.

डॉक्टरांना चीर देऊन पू काढावा लागला. कानाचा तो भाग नंतर कायमचा जरा आत मुडपलेला राहिला.

मी विज्ञानाचा शिक्षक, आणि मला हे आधीच कळायला हवं होतं. पाळी मांसल असते, तिथलं भोक सहा ते आठ आठवड्यांत भरून येतं. कानाचा वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारखा. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. त्यामुळे तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं. जंतू आत गेले आणि आवरण नि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला, की कूर्चेचं पोषणच तुटतं. ती मरते आणि कानाचा आकार जातो. आता विचार करा, अशी जखम आम्ही दिवसातून दोनदा उघडायला लावत होतो. वर 'टोचायचंच असेल तर सुट्टीत टोचा' हा आमचा ठरलेला सल्ला! सहा महिन्यांची सुट्टी कुठल्या शाळेला असते?

म्हणून पिअर्सिंगबद्दल माझं मत बदललं. शाळेनं कान-नाक मोजत बसू नये. जिथं खरोखर इजा होऊ शकते तिथंच अडवावं. लोंबणारी रिंग कुणाच्या बोटात, जर्सीत, केसांत अडकली तर पाळी फाटते, आणि ते बघायला फार वाईट असतं. फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम तर सगळेच दागिने काढायला लावतो, चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाहीत. तेव्हा जखम कच्ची असेल तोवर त्या मुलीला मैदानातून सूट द्या, गुण लिहायला बसवा. खेळाच्या सरांची कुरकुर होईल, होऊ दे.

टॅटूचं वेगळं. मुळात 'परवानगी' हा शब्दच तिथं बसत नाही. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. शरीरातल्या पेशी ती गिळतात आणि तिथंच अडकून बसतात. त्या मेल्या की दुसऱ्या पेशी तीच शाई उचलतात. म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. लेझरनं घालवायचा तर आठवड्यांचं अंतर ठेवत बऱ्याच बैठका लागतात, आणि व्रण राहू शकतो. पंधराव्या वर्षी टॅटू गोंदवून घेऊ नये, हे माझंही मत आहे. इंग्लंडमध्ये तर १८ वर्षांखालच्याला टॅटू काढून देणं १९६९ पासून गुन्हा आहे. पण तो कायदा टॅटू काढून देणाऱ्याला धरतो, मुलाला नाही. आम्ही शाळावाले उलटं करतो: काढून देणारा मोकळा आणि मूल वर्गाबाहेर.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये एका मुलीच्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, छोटा क्रॉस होता. शाळेनं ठरवलं की ही टोळीची खूण. घालव, नाहीतर कारवाई. तिनं लेझरनं घालवला. खटला चालला आणि १९९७ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की शाळेचा नियमच इतका संदिग्ध आहे की काय चालतं नि काय नाही हे कुणालाच कळणार नाही. गंमत म्हणजे टॅटू गोंदवून घेणं हा मुलीचा घटनादत्त हक्क आहे असं न्यायालय म्हणालं नव्हतं. नियम नीट लिहिला नव्हता, एवढ्यावर शाळा हरली. त्याच्या दहा वर्षांनंतर, २००७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं डर्बनच्या एका शाळेला नाकातल्या चमकीवरून फटकारलं. 'एकीला सूट दिली तर सगळ्या मागतील' ही शाळेची भीती तिथं टिकली नाही.

'लक्ष विचलित होतं' हा मुद्दा मीही पूर्वी हिरिरीनं मांडायचो. मग आमच्याकडे मनगटावर टॅटू असलेला एक मुलगा आला. त्याला रोज बँडेज बांधून यायला सांगितलं. महिनाभर प्रत्येक तासाला कुणीतरी विचारायचंच, "हाताला काय झालं रे?" बँडेज सुटल्यावर दोन दिवसांत कुणी बघेनासं झालं. शिवीगाळ किंवा कुणाच्या द्वेषाचं काही गोंदलेलं असेल तर झाकायला लावावं, त्यात दुमत नाही.

मला जास्त धास्ती वाटते ती लपूनछपून होणाऱ्या प्रकारांची. शिवणाची सुई, पेनातली शाई, तीच सुई तिघाचौघांत फिरलेली. हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात. शाळेत शिक्षा होणार म्हटल्यावर ते मूल सुजलेला हात बाहीखाली लपवणार, माझ्या विद्यार्थिनीनं केसांखाली कान लपवला तसाच.

तुमच्यापुरतं: शाळेला एक पत्र द्या, टोचल्याची तारीख लिहा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा की अमुक महिन्यांपर्यंत खडा हलवू नये. 'काढून या' हा नियम लेखी आहे का, तेही विचारा, बऱ्याचदा नसतो. टॅटूला सध्या नाही म्हणा, पण कारण शाळेचं देऊ नका. तिला जे चित्र हवंय ते कागदावर काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवू द्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा विचारा. माझ्या मुलीचं पहिलं चित्र चार महिन्यांत बदललं. दुसरं अजून तिथंच आहे, आणि पुढच्या जूनला ती अठरा पूर्ण करतेय.