स्थळ पाहताना कोणती अट सोडावी आणि कोणती धरून ठेवावी?

आपण सांगलीत बँकेत नोकरी करता. नोकरी सुरू ठेवण्याची मुभा, निर्व्यसनी मुलगा, उंची, पुण्यात स्वतःचे घर आणि जुळणारी पत्रिका अशा आपल्या अपेक्षा आहेत. कराडचे एक स्थळ बाकी सर्व बाजूंनी पसंत आहे, पण मुलगा नोकरीबद्दल "ते नंतर बघू" म्हणतो, आणि घरचे म्हणतात की कुठेतरी तडजोड करावीच लागते. ती कशात करावी, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्यात राहते आणि नात्यागोत्यातल्या लग्नांच्या बोलण्यांत बरीच वर्षे बसत आले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

अपेक्षा कितीही असोत, त्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज करू नये. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण गुणमेलनाची रीत पाहा. 36 पैकी 18 गुण जुळले की पुरे म्हणतात, तरी एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाडी एकच आली, तर उरलेले सगळे गुण जुळूनही पत्रिका मानणारी माणसे ते स्थळ परत पाठवतात. आपल्या अटींचेही तसेच असावे. उंची, घर, शहर, पगार यांची आपसात भरपाई होऊ शकते. दारू, संशयी स्वभाव, हात उगारण्याची सवय, आपल्या कमाईवर आणि कामावर दुसऱ्याचा ताबा यांची भरपाई पुण्यातल्या फ्लॅटने होत नाही. मूल हवे की नको, हाही प्रश्न याच रांगेतला, कारण त्यात अर्धी वाट नसते. अशा अटी मोजक्याच ठेवा, पण त्यांच्यावर घासाघीस करू नका.

खरी अडचण पुढे येते. "मुलगी नोकरी करील, आमची काही हरकत नाही" हे पोह्यांच्या बशीसमोर प्रत्येक घर म्हणते, म्हणून पुढे काय कराल हे विचारण्यापेक्षा आजवर काय केले हे विचारावे. माझ्या भाचीने तासगावकडच्या एका मुलाला बहिणींच्या हक्काबद्दल सरळ विचारले होते. हिंदू वारसा कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत आपल्याकडे अजून सर्रास आहे. तो मुलगा म्हणाला की दोन्ही बहिणींची नावे सातबाऱ्यावर आहेत, द्राक्षबाग तो कसतो आणि हंगाम संपल्यावर हिशेबाची वही घेऊन त्यांच्याकडे जातो. ते ऐकून त्याच्या आईचा चेहरा थोडा उतरला, पण मुलाने वाक्य अर्धवट सोडले नाही. त्या घरात बाईच्या शब्दाला किती किंमत आहे आणि आईची नाराजी पत्करून हा माणूस बोलू शकतो का, या दोन्ही गोष्टी भाचीला त्या एका उत्तरात कळल्या. लग्न तिथेच झाले. मुलाची उंची तिच्या अपेक्षेपेक्षा कमी होती.

"आमचे काही मागणे नाही, लग्न तेवढे चांगले करून द्या" हे वाक्य कानावर आले तर सावध व्हावे. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हे आहेत, आणि बोलणी सुरू असताना आडून मागणारे घर लग्नानंतर उघड मागते, हे मी पाहिले आहे.

पत्रिकेआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. दोघेही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा 'जोडीदाराची विवेकी निवड' हा उपक्रम याच विषयावर आहे. जवळपास असेल तर दोघांनी जाऊन यावे.

आता कराडच्या स्थळाबद्दल. घरच्यांना वगळून त्या मुलाला एकदा भेटा आणि मोघम न बोलता विचारा, की माझी बदली कोल्हापूर किंवा सोलापूरला झाली तर आपण दोघे काय करू, आणि तुमच्या घरात आजवर कोणत्या बाईने नोकरी केली, कोणी सोडली, का सोडली. तो विचारात पडला, अडखळला, तरी हरकत नाही. असा प्रश्न त्याला आधी कोणी विचारलाही नसेल. मात्र पुन्हा "नंतर बघू" म्हणाला, तर ते नकारार्थी उत्तर समजा आणि वडिलांकरवी दोन दिवसांत कळवून टाका, म्हणजे त्यांनाही दुसरीकडे बोलणी करता येतील.