मत्तय चोविसाव्याच्या पुढचं पान

प्रश्न : काका, सलाम. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका प्रचारकाचा व्हिडिओ आला. गाझा, युक्रेन, भूकंप सगळं दाखवून तो म्हणतो की हेच शेवटचे दिवस, इस्राएलची लढाई म्हणजे भविष्यवाणी पूर्ण होतेय, विश्वासणाऱ्यांनी आनंद करावा. माझी मुलगी नववीत आहे, तिने तो बघितला आणि तेव्हापासून रात्री लाईट बंद करू देत नाही. जग संपणारच आहे तर अभ्यास कशाला असं विचारते. तिला काय सांगू?
– एक आई, जालना

उत्तर : ताई, सलाम. आधी लेकीचं बोलू, व्हिडिओचं मग. लाईट चालू राहू द्या, तुम्ही तिच्याजवळ झोपा, आणि भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे असं तिला कोणी म्हणत असेल तर त्याला गप्प बसवा.

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा, म्हणजे १९६२ च्या फेब्रुवारीत, अष्टग्रही आली होती, म्हणजे आठ ग्रह एका राशीत. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण देशभर होमहवन चालले होते, जग बुडणार म्हणून लोक धास्तावले होते आणि खरं सांगतो आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसंसुद्धा घाबरली होती, बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण उघडून बसली होती. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती, मी तिला चिकटून बसलो आणि विचारलं, आजी उद्या सगळं संपलं तर गं? ती म्हणाली, "मग आज पिठाचा डबा तसाच ठेवू का? ऊठ, त्या म्हातारीला दोन भाकरी देऊन ये, ती सकाळपासून उपाशी आहे." मी फडक्यात गरम भाकरी घेऊन पळालो. हाताला चटका बसत होता तेवढंच आठवतंय, भीती कधी गेली ते कळलंच नाही.

आता शास्त्र बघू. लढाया, दुष्काळ, भूकंप हे सगळं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे, बरोबर. पण तिथेच प्रभू म्हणतो घाबरू नका, एवढ्याने शेवट होत नाही. ते बोलणं सुरू झालं होतं यरुशलेमच्या मंदिरावरून, दगडावर दगड राहणार नाही असं त्याने सांगितलं होतं आणि इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडलं. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हयातीतच त्यातला एक भाग घडून गेला. आणि तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हेही त्याच अध्यायात छत्तिसाव्या वचनात आहे. पुत्राला नाही तर मोबाईलवरच्या माणसाला कसं कळलं? अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाने बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला आणि त्याच्या लोकांनी प्रभू परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, कित्येकांनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं होतं. सकाळ नेहमीसारखी उजाडली. ती माणसं वाईट नव्हती, प्रभूवर प्रेम करणारी होती, म्हणून मला त्यांचं जास्त वाईट वाटतं.

पौलाच्या काळी थेस्सलनीकाच्या मंडळीत पण हेच झालं होतं, प्रभूचा दिवस आलाच आहे म्हणून लोक गडबडले होते आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौल त्यांना काय लिहितो? शांतपणे काम करा आणि आपली भाकर खा. लेकीच्या अभ्यासाचं उत्तर यातच आलं. गणित करायचं, रोज करायचं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच आहे. चोविसावा अध्याय वाचून लोक बायबल मिटतात, पान उलटत नाहीत. पंचविसाव्यात दहा कुमारी आहेत, रुपये सांभाळणारे चाकर आहेत आणि शेवटी न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो ते आहे. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत का. तारीख ओळखलीत का असं तो कुठेच विचारत नाही.

पंडिता रमाबाईंचं बघा. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, त्या स्वतः पायी वणवण फिरल्या. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हाही लोकांना जगाचा अंत आला असंच वाटलं असणार, पण बाई तिथे गेल्या आणि शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आल्या, त्यात पुण्यात प्लेग, म्हणून केडगावला माळरानावर त्यांना ठेवलं. तेच आजचं मुक्ती मिशन. शेवटच्या काळात कसं वागायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो.

आणि आनंद करायचं म्हणाल तर मला ते जमणार नाही. गाझातही चर्च आहे ताई, होली फॅमिली नावाचं, लढाईत शेकडो माणसं तिथे आसऱ्याला होती. पोप फ्रान्सिस आजारी असतानाही जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे, कसे आहात, काय जेवलात विचारायचे, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वारले तोपर्यंत. जुलैमध्ये त्याच चर्चवर तोफगोळा पडला, माणसं गेली. इस्राएलमध्येही ७ ऑक्टोबर २०२३ ला आईबापांची पोरं मारली गेली. भविष्यवाणी म्हणून मी कोणाच्या मेलेल्या लेकरावर हालेलुया कसं म्हणू? येशू यरुशलेम बघून रडला होता, लूक एकोणिसावा.

तर असं करा, आज रात्री तिच्याबरोबर पंचविसावा अध्याय वाचा, तिलाच मोठ्याने वाचू द्या. आणि उद्या तिच्या हातून कोणाला तरी डबा पाठवा.

प्रश्न : काका, आईचं जुनं बायबल पार फाटलंय. मुलं म्हणतात सोप्या मराठीतलं नवीन घ्या. पण जुनं सोडलं की वचन सोडल्यासारखं वाटतं.
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : बिनधास्त नवीन घ्या. आपलं मराठी बायबल काही एकदाच आभाळातून पडलेलं नाही, मराठीत बायबल आणणाऱ्या मिशनरी विल्यम केरीसाहेबांच्या वेळेपासून दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा केलं गेलंय. रमाबाईंना तर वाटायचं की साध्या बायांना हे कळत नाही, म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः भाषांतर केलं, छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून. त्या १९२२ ला गेल्या आणि पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. आपल्या वसईच्या फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबलही आहे, मुलांना तळटीपांसकट वाचायला छान.

पण आईचं टाकू नका हं. चांगल्या बाइंडिंगवाल्याकडे द्या आणि त्याला आधीच सांगून ठेवा की कडा कापायच्या नाहीत. आमच्या आईच्या बायबलाच्या त्याने तिन्ही बाजू सारख्या केल्या आणि समासात तिने पेन्सिलने लिहिलेल्या तारखा, कोण कधी आजारी, कोणासाठी प्रार्थना, त्या अर्ध्या अर्ध्या कापल्या गेल्या.